मदत हवी आहे: डीव्हीडीवर राइट केलेले व्हिडिओ प्लेअरवर लागत नाहीत

सायली_क
लग्नाचे व्हिडिओ डीव्हीडीवर राइट केले. कॉम्प्युटरवर डिस्क व्यवस्थित चालते, पण घरच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली की काहीच लागत नाही. दुसऱ्या डिस्कवर राइट करून पाहिलं, तेच. शनिवारी घरचे सगळे जमणार आहेत, त्याआधी व्हायला हवं. प्लीज लवकर सांगा.

जुनी_कॅसेट
फाइल कुठल्या प्रकारच्या आहेत? एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही? आणि काहीच लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं? 'नो डिस्क' येतं, की फाइलींची यादी दिसते आणि पुढे अडतं? दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

विनय७
डिस्क फायनलाइज केली नसणार, म्हणजे राइट झाल्यावर शेवटी बंद केली नसणार. आणि कोऱ्या डिस्कचा प्रकार डीव्हीडी प्लस आर असेल तर मायनस आर आणा. जुने प्लेअर प्लस वाचत नाहीत, मी स्वतः अनुभव घेतलाय.

अभिजित_म
विनय, सरसकट असं नाही हो. प्लस आर राइट करताना बुकटाइप (डिस्क कुठल्या प्रकारची आहे हे प्लेअरला सांगणारी नोंद) 'डीव्हीडी-रॉम' ठेवला तर बरेच जुने प्लेअर ती मुकाट्याने घेतात. इमगबर्न या डिस्क राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, फक्त रायटरला ते जमायला हवं.

विनय७
ज्यांना शनिवारच्या आत डिस्क हवी आहे त्यांना बुकटाइप कुठे शोधायला लावताय? मायनस आर घ्या, विषय संपला.

ऋता
डिस्क हवीच कशाला? टीव्हीला यूएसबी असेल तर पेनड्राइव्ह लावा. फॅट३२ फॉरमॅट करा, मात्र त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

सायली_क
टीव्ही जुना आहे, यूएसबी नाही. सासूबाईंना प्लेअरच्या रिमोटची सवय आहे, मागाहून त्यांना स्वतः लावून बघता यायला हवं. म्हणून डिस्कच. फाइल मोबाइलवरून घेतल्यात, नावापुढे एमपी४ आहे. त्याच डिस्कवर फोटो टाकलेत, ते प्लेअरवर दिसतात.

जुनी_कॅसेट
हे आधी कळलं असतं तर वरचा सगळा वाद वाचला असता! फोटो दिसतात म्हणजे प्लेअर डिस्क नीट वाचतोय. प्लस-मायनस, फायनलाइज, सगळं बाजूला ठेवा.

तुम्ही केलीय ती डेटा डिस्क, म्हणजे नुसत्या फाइली कॉपी केल्यात. साध्या प्लेअरला लागतो एमपेग-२ व्हिडिओ, तोही व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये, व्हीओबी आणि आयएफओ फाइलींच्या रूपात. मोबाइलचा व्हिडिओ असतो एच.२६४ किंवा एच.२६५ या नव्या प्रकारचा. तो उलगडणारी चिपच त्या प्लेअरमध्ये नाही. प्लेअरवर डिव्हएक्सचा लोगो असला तरी तो एव्हीआयमधला डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड या जुन्या प्रकारचा व्हिडिओ चालवेल, मोबाइलचा नाही.

राजू_टेक
एमपी४ काढून नाव एव्हीआय करा. माझं चाललं होतं.

जुनी_कॅसेट
तुमच्या फाइलमध्ये मुळात एमपेग-४चा जुना प्रकार असेल, म्हणून चाललं. नाव बदलून आतला व्हिडिओ बदलत नाही. सायलीताई, यात वेळ घालवू नका.

डीव्हीडीस्टायलर उतरवून घ्या, फुकट आहे. नवीन प्रोजेक्टमध्ये पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडा, व्हिडिओ ओढून आत टाका, बर्न म्हणा. रूपांतर तोच करतो. एकूण किती वेळाचं शूटिंग आहे?

सायली_क
साडेतीन तास.

अभिजित_म
मग एका डिस्कवर कोंबू नका. ४.७ जीबीच्या डिस्कवर २ तास बसवले तर सेकंदाला साधारण ५ मेगाबिट मिळतात, ते चांगलं दिसतं. साडेतीन तासांना तीनसुद्धा मिळत नाहीत, नाचगाण्यात चौकोन चौकोन दिसतील. दोन डिस्क करा. हळदीपर्यंत एक, लग्न दुसरीवर.

ऋता
विषयावरून आठवलं, प्लेअरवर मराठी सबटायटल कुणाला जमलीत का? एसआरटी (सबटायटलच्या मजकुराची) फाइल दिली की नुसते ठोकळे येतात.

अभिजित_म
बहुतेक प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नसतो. सबटायटल व्हिडिओतच कायमची उमटवा.

विनय७
आणि राइट करताना वेग ४ किंवा ८ एक्स ठेवा. घाईत १६वर केलेली डिस्क जुन्या प्लेअरवर अडखळते.

सायली_क
लागलं! पहिली डिस्क झाली, मेनूही आला, सासूबाईंनी स्वतः प्ले केलं. पण माणसं उभट, ओढल्यासारखी दिसतायत. परत राइट करावं लागेल का?

जुनी_कॅसेट
अजिबात नको. टीव्ही जुना चौकोनी आहे आणि प्लेअर मात्र १६:९वर सेट आहे. रिमोटवर सेटअप दाबा, टीव्हीच्या आकाराचा पर्याय काढून '४:३ एलबी' करा. वर-खाली काळे पट्टे येतील, माणसं सरळ होतील. 'पीएस' नको, त्यात कडेची मंडळी कापली जातात.