मदत हवी आहे: चोपण रानात 'जीन बदललेलं' उसाचं रोप लावावं का?

मंडळी, शिरोळ तालुक्यात आमचं थोडं काळं रान आहे. निम्मं चोपण, म्हणजे खारानं बिघडलेलं, झालंय. उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं, ८६०३२ हा नेहमीचा उसाचा वाण नीट फुटवे धरत नाही. रोपवाटिकेचा एक माणूस येऊन गेला. म्हणतो, टिश्यू कल्चरची रोपं आहेत, जीन बदललेली, खारात तग धरतात, मुळं खाणारी हुमणी अळीही लागत नाही. दर एकडोळा (उसाच्या एका डोळ्यापासून केलेल्या) रोपापेक्षा बराच जास्त. वडील म्हणतात, "नवीन हाय, करून बघूया." २०२५ मध्ये खाऱ्या जमिनीत तगणारा जीन एडिटिंगचा भात जाहीर झाला, तसा ऊस खरंच आलाय का? आडसाली (पावसाळ्यातली) लागण तोंडावर आहे.

प्रतिसाद : बांधावरचा
त्यानं दोन वेगळे माल एकाच पाटीत भरलेत. टिश्यू कल्चरमध्ये वाण बदलत नाही. शेंड्याच्या कोंबापासून रोपं करतात, त्यामुळं गवताळ वाढीसारखे बेण्यातून (लागणीच्या उसाच्या कांड्यांतून) येणारे रोग टळतात. ८६०३२ चं रोप ८६०३२ च राहणार, खारात तितकंच रडणार.

जीएम, म्हणजे बाहेरचा जीन घातलेला, ऊस जगात आहे. इंडोनेशियानं २०१३ मध्ये दुष्काळ सोसणारा मंजूर केला, ब्राझीलनं २०१७ मध्ये खोडकिडीविरुद्धचा. आपल्याकडं शेतात आलेलं जीएम पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. आणि गुलाबी बोंडअळीनं तोही पचवला. तुम्ही म्हणता तो भात पुसा डीएसटी राईस १. एमटीयू १०१० या वाणातल्या एका जनुकात (जीनमध्ये) बदल करून केलाय. उसात ते अवघड, कारण गुणसूत्रं शंभरावर आणि एकेका जनुकाच्या कित्येक प्रती. एक बंद केली तरी बाकीच्या चालूच.

प्रतिसाद : पाटकरी
आधी माती आणि विहिरीचं पाणी तपासा. पाणी मुरून खाली अडत असेल तर कुठलंही जनुक कामाला येत नाही, सच्छिद्र पाइप घालून निचरा काढावा लागतो. वाण बदलायचाच तर फुले २६५ बघा, चोपणात त्यातल्या त्यात बरा. टिश्यूची रोपं चार-पाच गुंठे बेणेमळ्यापुरती घ्या. सगळ्या रानात लावून पैसे घालवू नका.

धागाकर्ता
आभारी आहे. बिलावर वाणाचं नाव लिहून दे म्हटल्यावर त्या माणसानं फोन उचलणं बंद केलंय! आता अडचण पाइपची. पाणी ओढ्याला सोडायचं तर शेजाऱ्याच्या रानातून न्यावं लागेल, आणि तो नाही म्हणतोय. कुणी चार-पाच जणांत मिळून चर काढलाय का? खर्च कसा वाटून घेतला?