मदत हवी आहे : लॅपटॉपवरील वर्डप्रेसमध्ये लॉग फाइल तयार होत नाही

नाशिकमधील एका बेदाणा विक्रेत्याच्या संकेतस्थळासाठी मी वर्डप्रेसचे (संकेतस्थळ बनवण्याची प्रणाली) छोटे प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लिहीत असून, चालू संकेतस्थळाला धक्का लागू नये म्हणून विंडोज १० असलेल्या लॅपटॉपवर झॅम्प (संकेतस्थळ स्वतःच्या संगणकावर चालवून पाहण्याचे सॉफ्टवेअर) बसवले आहे. पोर्ट ८० अडलेले असल्याने अपाचे (झॅम्पमधला वेब सर्व्हर) ८०८० वर चालवतो. तिथपर्यंत सारे सुरळीत आहे. मात्र प्लगइन सक्रिय करताच पान कोरे पांढरे दिसते. वर्डप्रेसच्या सेटिंगच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलीत अगदी शेवटच्या ओळीखाली डीबग (चुका शोधण्यासाठी) आणि डीबग-लॉग (त्या चुका लॉग फाइलीत नोंदवण्यासाठी) हे दोन्ही स्थिरांक ‘ट्रू’ केले, अपाचे पुन्हा सुरू केले, इतर प्लगइनही बंद करून पाहिले; तरी डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये लॉगची फाइल येत नाही. रॅम ४ जीबीच असल्याने कृपया डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारे सॉफ्टवेअर) सुचवू नये (तो प्रयोग झाला, पंखा थांबेना). हे स्थिरांक नेमक्या कोणत्या ओळीच्या आधी लिहावेत, की पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती) सेटिंगमध्येही बदल करावा लागतो?