गोवराच्या लसीची पहिली मात्रा सहाव्या महिन्यातच द्यावी का?

पारिजातक (धागाकर्ती):
२०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, तेव्हा केंद्राने असा सल्ला दिला होता की जिथे एकूण रुग्णांपैकी १० टक्क्यांहून अधिक बाळे नऊ महिन्यांच्या आतील असतील, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही गोवर-रुबेलाची एक जादा मात्रा द्यावी. दाट वस्त्यांत हीच पद्धत कायमची का करू नये? आईकडून नाळेवाटे मिळालेली प्रतिपिंडे (रोगाच्या विषाणूला रोखणारे रक्तातले घटक) जन्मानंतर घटत जातात आणि जिला गोवर न होता केवळ लस मिळाली आहे, तिच्याकडून बाळाला ती मुळातच कमी मिळतात. आजची बाळे त्यामुळे लवकर उघडी पडतात. वेळापत्रक मात्र जुनेच आहे, पहिली मात्रा नवव्या महिन्यात.

खडूफळा:
असहमत. हीच प्रतिपिंडे लसीतल्या क्षीण केलेल्या जिवंत विषाणूलाही निष्प्रभ करतात. नवव्या महिन्यात दिलेली लस साधारण ८५ टक्के बाळांत लागू पडते, वर्षानंतर दिलेली सुमारे ९५ टक्के बाळांत; सहाव्या महिन्यात हे प्रमाण आणखी खाली येते. शिवाय ती मात्रा हिशेबात धरली जात नाही, नवव्या आणि १६ ते २४ व्या महिन्यातल्या दोन्ही मात्रा द्याव्याच लागतात. उजव्या दंडावर सुई टोचली, कार्डावर तारीख पडली, की 'गोवराची झाली' असे समजून घरचे पुढची फेरी चुकवतात, ही माझी खरी धास्ती आहे.

पारिजातक:
ती अडचण नोंदींची आहे, लसीची नव्हे. आशाताईंच्या यादीत जादा मात्रेसाठी वेगळा रकाना ठेवला की प्रश्न मिटतो.

उंबरठा:
रकाने वाढवणे कागदावर सोपे असते, असो. मूळ मुद्दा असा की बाळाला गोवर देते कोण? बहुधा दुसरी मात्रा राहून गेलेले मोठे भावंड किंवा शेजारचे मूल. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण करू शकतो. म्हणून दोन्ही मात्रांचे प्रमाण ९५ टक्क्यांवर नेल्याखेरीज तान्ह्यांभोवती कवच उभे राहत नाही. भाड्याची खोली बदलून वर्षातून दोनदा वस्ती बदलणारी कुटुंबे यादीतून गळतात, आधी त्यांना गाठा. साथीत जादा मात्रा जरूर द्यावी, एरवी नको.

पारिजातक:
साथ जाहीर होईपर्यंत थांबायचे, असाच याचा अर्थ होतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रुग्ण संसर्ग पसरवत असतो आणि लागण झाल्यापासून पुरळ दिसायलाच सुमारे दोन आठवडे जातात; तोवर त्या गल्लीतल्या सात महिन्यांच्या बाळाने काय करावे?