जोशुआ हरला तो अंतर सोडल्यामुळे

२०१९ मधल्या बॉक्सिंगच्या लढतीत अँथनी जोशुआ अँडी रुईझला हलक्यात घेऊन हरला, असं म्हटलं जातं. मला हे पूर्ण पटत नाही. तिसरी फेरी पुन्हा बघा. जोशुआने रुईझला खाली पाडलं आणि तिथेच तो उतावीळ झाला. साडेसहा फुटी माणसाने लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) मारत राहायचं, तर हा लढत संपवायला अंगाशी गेला! तिथे लांब हातांचा उपयोग नाही. रुईझचे आखूड, चपळ हात आधी पोचतात. त्याचा डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) कानशिलावर बसला आणि जोशुआच्या पायातलं बळच गेलं. सातव्या फेरीत खेळ खलास. डिसेंबरमधल्या पुन्हा झालेल्या लढतीत तोच जोशुआ बारा फेऱ्या अंतर राखून खेळला आणि गुणांवर जिंकला. पण पडून उठल्यावर मागे न सरता पुढे घुसणारा रुईझ, त्याची छाती मानलीच पाहिजे.