मदत हवी आहे: ट्रकच्या लीज-पर्चेसमधला (भाड्याने घेऊन शेवटी विकत घ्यायचा करार) मेंटेनन्स एस्क्रो (दुरुस्तीसाठी कापून ठेवलेली रक्कम) परत मिळतो का?

टेक्सास, सीडीएल-ए (ट्रक-ट्रेलर चालवायचं लायसन्स), 3 वर्षं कंपनी ड्रायव्हर. ऑफर अशी: 6 लाख मैल झालेला ट्रक, आठवड्याला 850 डॉलर, 156 आठवडे, शेवटी 15,000 डॉलरचा बलून (एकरकमी मोठा हप्ता). मैलामागे 12 सेंट मेंटेनन्स एस्क्रो. डिझेल, विमा माझ्याकडे; ट्रक दुसऱ्या कॅरिअरकडे (मालवाहतूक कंपनीकडे) लावता येणार नाही. घरी राहिलो तरी हप्ता चालूच.

सध्याच्या ड्रायव्हरांच्या सेटलमेंट शीट (कमाई आणि कपातीचा हिशेब) मागितल्या, दिल्या नाहीत. (इथेच शंका आली.) अमेरिकी सरकारच्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी 2025 मध्ये असे करार बंद करा म्हटलंय, ते माहीत आहे, त्यामुळे नुसतं ‘घेऊ नका’ नको.

करार दोन आहेत, एक कॅरिअरशी, दुसरा लीजिंग कंपनीशी. ट्रक लीजच्या फेडरल नियमांच्या (49 CFR) भाग 376 प्रमाणे करार संपल्यावर 45 दिवसांत एस्क्रो परत करायचा असतो. मेंटेनन्स एस्क्रो लीजिंग कंपनीच्या करारात असेल, तर मधेच ट्रक सोडल्यावर हा नियम लागू होतो का?