मदत हवी आहे : फ्रीमेसनच्या अर्जातला ‘देव मानता का?’ हा प्रश्न

नमस्कार. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

आम्ही इंदूरचे. नवऱ्याच्या ऑफिसातले एक साहेब बऱ्याच वर्षांपासून फ्रीमेसन आहेत, म्हणजे बंधुभाव मानणाऱ्या एका जुन्या जागतिक संघटनेचे सदस्य. तिकडून आमंत्रण येत नाही, आपणच विचारायचं असतं, म्हणून यानेच विषय काढला. आता अर्ज घरी आलाय, प्रस्तावक-अनुमोदक दोघंही तयार आहेत.

अडचण एकाच रकान्याची आहे. ईश्वरावर, म्हणजे कुठल्याही धर्माच्या सर्वोच्च शक्तीवर, श्रद्धा आहे का? आमचे हे कॉलेजपासून नास्तिक. गणपतीच्या आरतीत टाळ्या वाजवतात, त्याही सासूबाईंचं मन राखायला. मी विचारलं तर अस्सल इंदुरी उत्तर: “लिख देंगे भिया, कौन देखने आ रहा है!”

पण येणार आहेत. पुढच्या रविवारी दोन-तीन सदस्य घरी भेटायला येतायत आणि मलाही विचारणार आहेत की घरच्यांची हरकत नाही ना. म्हणजे त्या खोट्यात माझीही सही!

सासूबाईंचं वेगळंच. त्यांचं माहेर महूचं, लहानपणी छावणीतल्या मेसन लोकांच्या बंगल्याला सगळे ‘भूतबंगला’ म्हणायचे. त्यांचं मी मनावर घेत नाही. थोडं वाचलं तेव्हा कळलं, २४ जून १७१७ ला लंडनमधल्या चार लॉज (म्हणजे मेसन लोकांच्या शाखा) एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे शाखांची वरची संस्था, झाली. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ ची. बंधुप्रेम, मदत आणि सत्य ही त्यांची तीन तत्त्वं. तिसरं वाचून मी अडकलेय. सत्य मानणाऱ्या संस्थेत शिरतानाच थाप मारायची?

हा का जातोय तेही सांगते. धंद्याच्या ओळखी वगैरे काही नाही. अर्जातच लिहून द्यावं लागतं की फायद्यासाठी येत नाहीये. चाळिशी उलटली, जुने मित्र पुण्या-बंगळुरूला गेले, शनिवारी संध्याकाळी हा एकटाच छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चक्कर मारून येतो. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणून सरळ ‘नको’ म्हणवत नाही.

कुणी मेसन असेल तर सांगा: हा प्रश्न नुसता औपचारिक आहे का?

जुनाकारागीर : ताई, मी मेसन आहे. औपचारिक अजिबात नाही. आमच्यात देव कुठला, कसा, हे कुणी विचारत नाही. ‘विश्वाचा महान शिल्पकार’ एवढंच म्हणतो. लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथसाहिब शेजारी शेजारी असतात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. धर्म आणि राजकारण यांवर लॉजमध्ये वाद घालायला बंदी आहे. पण मुळात काहीच मानत नसलेल्याची शपथ टिकणार कशावर? १८७७ मध्ये फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने (तिथली मेसनांची वरची संस्था) देव मानण्याची ही अट काढली, तेव्हा इंग्लंडने त्यांच्याशी संबंध तोडले. भारतातली ग्रँड लॉज इंग्लंडच्याच परंपरेतली. सासूबाईंना सांगा, गुपित असतं ते ओळखीच्या खुणांचं आणि शब्दांचं. मी मेसन आहे हे मी गल्लीतल्या किराणावाल्यालाही सांगतो.

वडापाव_इन_मालवा : देव न मानणारे अर्धे लोक कोर्टात ईश्वराच्या नावाने शपथ घेतातच की. भरून टाका.

जुनाकारागीर : कोर्टात जायला अर्ज करत नाहीत हो. इथे आपल्या पायाने येतात. आणि प्रवेशावर गुप्त मतदान होतं, पांढरे-काळे मणी टाकून. त्याने खरं सांगून नकार आला तरी त्यात कमीपणा नाही.

रामबाग_सून : माझे सासरे होते मेसन. महिन्यातून एक संध्याकाळ काळा सूट, बगलेत छोटी बॅग, त्यात पांढरा एप्रन. आम्हाला काही त्रास नाही झाला, फक्त त्या रात्रीचा स्वयंपाक वाया जायचा कारण ते जेवूनच यायचे. बायकांना या लॉजमध्ये प्रवेश नाही, हे धरूनच चला.

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. जुनाकारागीर, तुमचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला. आधी म्हणाला, “मग निसर्गनियम लिहितो, तोच शिल्पकार.” मी म्हटलं, हे तू मानतोस की आत्ता सुचलं? गप्प बसला. रात्री उशिरा म्हणाला, साहेबांना फोन करून सांगतो की माझं असं असं आहे, अर्ज देऊ का तुम्हीच ठरवा. फोन अजून केलेला नाही. रकाना कोराच आहे.

रविवारची भेट झालीच, तर बायकोला नेमकं काय काय विचारतात? कुणाला अनुभव असेल तर लिहा. पोहे-जलेबी चालेल ना, की चहावरच भागवतात?