वेटेड वेस्टमध्ये वजन कुठं भरायचं, पुढं का मागं?

धरमपेठकर
भाऊ लोक, वेटेड वेस्ट (वजन भरून अंगात घालायचं बिनबाह्यांचं जॅकेट) घेतला, अर्ध्या किलोचे लोखंडी ब्लॉक काढता-घालता येतात असा. माझं वजन 72 किलो, सध्या 6 किलो घालून सकाळी फुटाळा तलावाकडं चालून राहिलो. पुढं चार खिसे आहेत, मागं बारा, आणि आला तेव्हापासून सगळे ब्लॉक पाठीकडंच आहेत. सपाटीवर त्रास नाही पण सेमिनरी हिल्सचा चढ लागला की कंबरेतून वाकायला होते, उतरताना मागं ओढल्यासारखं वाटते आणि घरी येईस्तोवर खांदे भरून येतात. वजन कमी करू का मांडणी बदलू?

जिमवाला_नागपूर
दोन्ही कर, पण आधी मांडणी. सगळं वजन पाठीवर असलं की तुझा गुरुत्वमध्य टाचांकडं सरकते, मग तोल पायावर आणायला शरीर आपोआप पुढं झुकते, आणि चढावर तर तसाही माणूस पुढं झुकलेलाच असते, म्हणून सगळा ताण कंबरेवर येऊन राहिला. उतरताना आपण थोडं मागं रेलतो, तिथं पाठीवरचं वजन अजून मागं खेचते. पुढं चारच खिसे आहेत ना, मग पुढं चार आणि मागं चार, झाले 4 किलो. सुरुवातीला अंगाच्या वजनाच्या 5 टक्क्यांच्या आसपास ठेवतात, तुझ्या हिशोबानं साडेतीन-चारच होते. डावी-उजवी बाजूही सारखी भर, एका बाजूला एक ब्लॉक जास्त असला तरी लांब चालताना एकाच खांद्यावर ओढ येते.

सकाळचीफेरी
दादा, वर-खालीचंही बघा. ब्लॉक अगदी वर खांद्याजवळ असले की वळताना, खडबडीत रस्त्यावर अंग जास्त डोलते, आणि पार खाली पोटाजवळ असले की पायऱ्या चढताना, वाकताना टोचतात. मला छातीच्या खालच्या भागापासून बरगड्यांपर्यंतची जागा सगळ्यात बरी वाटते. आम्हा बायकांना पुढचे जाड ब्लॉक छातीवर दाबतात त्यामुळं पातळ आणि छोट्या वजनाचा, बाजूनं पट्टे असलेला आखूड वेस्ट बघावा. आणि खांदे भरून यायचं मोठं कारण ढिला पट्टा, वेस्ट प्रत्येक पावलाला उडते आणि खांद्यावर आपटते. बाजूचे पट्टे एवढे कसा की वेस्ट हलणार नाही पण पट्ट्याखाली दोन बोटं जातील आणि पोटभर श्वास घेता येईल.

धरमपेठकर
होय ना ताई, पट्टा ढिलाच राहते, गरमी होते म्हणून मीच ढिला ठेवतो. आज चार-चार करून पाहिलं, चढावर कंबर बरीच मोकळी वाटली. आता 6 किलोवर कधी जाऊ?

जिमवाला_नागपूर
4 किलोवर सेमिनरी हिल्स ताठ चढून-उतरून झालं आणि दुसऱ्या दिवशी कंबर-गुडघे दुखले नाही की डावीकडं एक, उजवीकडं एक असा जोडीनं ब्लॉक वाढव. पुढं जागा नाही म्हणून सगळे वाढीव मागं नको टाकू, त्यापेक्षा पुढच्या चार खिशांत 1 किलोचे ब्लॉक मावतात का पाहा. आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते, वेस्टखाली घाम सुकत नाही, तेव्हा उजाडायच्या आत फेरी उरक नाहीतर वेस्ट घरीच ठेव. आधीपासून मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असला तर डॉक्टरला विचारूनच. घरून निघताना वेस्ट घालून एकदा उजव्या, एकदा डाव्या पायावर उभा राहा, एकाच बाजूला झोल जात असला तर खिसे पुन्हा तपास, आणि ब्लॉक खिशात खुळखुळत असले तर वर जुना रुमाल कोंब.